पाच रुपये जमा

सुरतेत नानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं 65 रुपये होतं. वडील नंदुरबारहून लूमवर कामाला आले तेव्हा, 1974 साली ठरलेलं. पाघडी दिली ती वेगळी. ती घेणं कायद्यानं गुन्हा, म्हणून तिची पावती नाही. भाड्याच्या पावत्या मात्र आईनं बिस्किटांच्या डब्यात महिन्यावार लावून ठेवल्या होत्या.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली. आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. ते ओसरलं, गाळ काढला, पण दादर फुगला तो फुगलाच. सुरतेत जिन्याला दादर म्हणतात. सागवानी खांब तगले, पायऱ्यांच्या फळ्या कुजल्या. पाहुणा आला की वरून ओरडावं लागे, ‘चौथीवर पाय देऊ नका, एकदम पाचवीवर या!’ सहा बिऱ्हाडं वर्षभर अशीच चढली-उतरली.

2007 च्या दिवाळीनंतर घरमालक शेठ स्टॅम्पपेपर घेऊन आले. ‘तमे तो घरना माणस छो,’ म्हणत खाटेवर टेकले. कागद गुजरातीत होता. नवा दादर, वरच्या मजल्यावर दोन संडास, खाली पाण्याची टाकी आणि मोटर. एकूण खर्च 88,800 रुपये. सगळ्याच्या वर एकच शब्द, ‘सुधारो’. त्याला आमची संमती आणि दर बिऱ्हाडाचं भाडं 400. संडास तोवर चौकात एकच होता, सहा घरांना मिळून. वडिलांनी पेन उघडलंसुद्धा.

आईला गुजराती वाचता येत नाही. तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि मध्येच थांबवलं. ‘मोडकी वस्तू नीट केली तर ती सुधारणा कशी? मरामत म्हणा ना.’ शेठ हसले. वडिलांनी मात्र पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी अठवा लाइन्सला एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. आईनं जे एका वाक्यात विचारलं होतं, त्यावर कायद्यात दोन कलमं आहेत हे तिथं कळलं. मुंबई राज्याचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. 1960 साली राज्यं वेगळी झाली तरी गुजरातनं तोच चालू ठेवला. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. 9 व्या कलमाप्रमाणे भाडेकरूच्या लेखी संमतीनं सुधारणा केली तर मालकाला वाजवी भाडेवाढ मिळते, पण 23 खालची दुरुस्ती त्या सुधारणेत धरता येत नाही. म्हणजे दादर शेठचा. संडास, टाकी, मोटर यांचा भार आमच्यावरही. आणि म्हणूनच त्यांना आमची सही हवी होती.

‘वाजवी’ म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. वकिलांनी माप शेजारून आणलं. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि वाढ खर्चाच्या वर्षाला 15 टक्क्यांपर्यंतच घेता येते. दादर वगळून आमच्या सुधारणेचा खर्च 40,800. त्याचे 15 टक्के 6,120. बारा महिने, सहा घरं, म्हणजे दर घरी महिना 85 रुपये. वकिलांनी हे सिगारेटच्या पाकिटावर मांडलं आणि फी घेतली नाही.

आता शेठची बाजू. ती खोटी नव्हती. सहा घरांचं मिळून वर्षाचं भाडं 4,680 रुपये, आणि दादराचा खर्च 48,000. दहा वर्षांचं भाडं लाकडात घालायचं आणि स्वतः काय खायचं? भाडं गोठवून ठेवायचं आणि दुरुस्तीचं कर्तव्य तेवढं शाबूत ठेवायचं, हा कायद्याचा अप्रामाणिकपणाच आहे. महाराष्ट्रातल्या गोठलेल्या भाड्याला सुप्रीम कोर्टानंही 1997 साली अवाजवी ठरवलं होतं. पण म्हणून दुरुस्तीला सुधारणा म्हणायचं, तेही वाचता न येणाऱ्या बाईसमोर, हे मला आजही पटत नाही.

मार्ग आईनंच काढला. दादराचे पैसे सहा घरांनी उसने द्यायचे, प्रत्येकी आठ हजार, आणि ते जुन्या 65 मधून वळते करायचे. सुधारणेचे 85 रोख भरायचे. शेठना दादरासाठी एकरकमी पैसा मिळाला, आम्हाला पायाखाली फळी. कागद नव्यानं लिहिला. त्यात ‘मरामत’ आणि ‘सुधारो’ असे दोन वेगळे रकाने आईनं आखून घेतले, माझ्या शाळेच्या पट्टीनं.

जानेवारी 2008 पासून दर महिन्याला पावती यायची : 65 वळते, 85 रोख. आठ हजार फिटायला 123 महिने लागले, तरी पाच रुपये उरलेच. मधल्या काळात वडील गेले. शेठही थकले आणि पावत्या त्यांचा मुलगा फाडू लागला. एप्रिल 2018 मध्ये त्यानं सुचवलं, ‘पाच रुपयांचं काय करायचं? सोडून देऊ.’ आईनं नकारार्थी मान हलवली. त्या महिन्याच्या पावतीवर त्यानं लिहून दिलं : पाच रुपये जमा, रोख 145. पावती डब्यात आहे.