मॅरेथॉनच्या आगेमागे

29 डिसेंबर 2024, रविवार. पुणे
पुतणीचा मुंबई मॅरेथॉनआधीचा शेवटचा लाँग रन झाला, 32 किलोमीटर. ती शिंकत घरी आली तेव्हा वहिनी वैतागल्या. "भावजी, तुम्ही डॉक्टर ना? इतकं धावून अंगातली ताकद जाते, हे तुम्हीच सांगा तिला."

त्यांची शंका वैद्यकालाही पडलेली आहे. 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी दोन हजारांहून अधिक धावपटूंची माहिती गोळा केली. धावलेल्यांपैकी 12.9 टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात सर्दी-तापासारखा त्रास झाल्याचं सांगितलं. नाव नोंदवूनही न धावलेल्यांत हे प्रमाण 2.2 टक्के होतं.

3 जानेवारी 2025, शुक्रवार
दवाखाना आटोपल्यावर पुन्हा वाचत बसलो. जोरात धावताना अ‍ॅड्रेनलिनमुळे लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येनं रक्तात उतरतात. धावणं थांबल्यावर तास-दोन तासांत त्यांची संख्या नेहमीपेक्षाही खाली जाते. यावरूनच पुढचे काही तास, कदाचित तीन दिवस, शरीर उघडं पडतं असं मानलं गेलं.

2018 मध्ये बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी या समजुतीला सरळ आव्हान दिलं. त्याआधीच्या प्रयोगांत उंदरांच्या या पेशींना खूण करून पाहिलं, तर व्यायामानंतर त्या फुफ्फुसांत, आतड्यांत आणि अस्थिमज्जेत गेलेल्या आढळल्या होत्या. म्हणजे जिथे जंतू शिरण्याची शक्यता, तिथे पहारा. पालखी पुढे गेली की पुण्याचे रस्ते रिकामे दिसतात, म्हणून वारकरी कमी झाले असं कोणी म्हणत नाही.

8 जानेवारी, बुधवार
मग घसा धरतो कशानं? ऑस्ट्रेलियात आजारी खेळाडूंचे नमुने तपासले, तेव्हा जेमतेम तीस टक्क्यांत जंतू सापडले. बाकीच्यांचा त्रास कोरड्या हवेचा, धुळीचा, अ‍ॅलर्जीचा असू शकतो. खरा संसर्ग होतो त्यालाही धावण्याखेरीज कारणं असतात: गर्दी, प्रवास, शर्यतीची धास्ती, अपुरी झोप. 2015 च्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला.

वाद मिटलेला नाही. कठोर सरावाच्या काळात जलतरणपटूंच्या लाळेतलं आयजीए हे संरक्षक प्रतिपिंड घटल्याच्या नोंदीही आहेत, आणि त्या मी बाजूला सारणार नाही. सरावाचा भार अचानक वाढवू नये, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

14 जानेवारी, मंगळवार. संक्रांत
शर्यतीआधी वजन नको, म्हणून पुतणीनं गुळाची पोळी नाकारली. मी जवळ बसवून खायला लावली. सराव करणारं शरीर उपाशी राहिलं, तर झीज भरून निघत नाही. धावतानाही दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची उसळी कमी राहते.

सर्दी टाळायला वहिनी तिला आवळा देतात, त्यालाही आधार आहे. सामान्य माणसांत रोजच्या क जीवनसत्त्वानं सर्दी होणं टळत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्की करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्या चाचण्यांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

19 जानेवारी, रविवार. मुंबई
पेडर रोडचा चढ परतताना भलत्या वेळी गाठतो, तरी पोरीनं शर्यत पूर्ण केली. मला फार अभिमान वाटला. लगेच ओले कपडे बदलायला लावले, खाऊ घातलं आणि फोटोंच्या गर्दीतून बाहेर काढलं. आज रात्रीच परतायचा बेत रद्द केला. तिला आधी झोप हवी आहे.

22 जानेवारी, बुधवार. पुणे
तिचा घसा किंचित खवखवतो आहे. ताप नाही, अंगदुखी नाही, नाडी नेहमीसारखी. दोन दिवस नुसतं चालायचं, असं ठरलं. ताप असता किंवा छातीत भरून आलं असतं, तर पूर्ण विश्रांतीच दिली असती. विषाणूची बाधा क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचते, आणि त्या अवस्थेत धावणं जिवावर बेतू शकतं.

आमच्या धावण्याच्या ग्रुपच्या सरावाच्या तक्त्यात किलोमीटर आहेत, वेग आहे. झोप, भूक आणि ताप यांना जागाच नाही. येत्या रविवारी हे तीन रकाने घालायला सांगणार आहे. ते रिकामे ठेवणाऱ्याला पुढचा लाँग रन मिळू नये, असा आग्रहही धरणार आहे.