नात्यांची वही

भाचीच्या लग्नाच्या कागदांसाठी परवा चर्चच्या कचेरीत गेलो होतो. बाप्तिस्म्याची जुनी वही उलगडताना तिथले म्हातारे कारकून हसून म्हणाले, ‘‘सर, हे एक पान वाचलंत की निम्मं गास तुमच्या नात्यात जमा!’’

आमचे गास आहेच तसे. वाडीचा बांध ओलांडला की मावशी, विहीर ओलांडली की आतेभाऊ. इथे चोराला लपायला जागा नाही, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

विज्ञानाने ती थट्टा हल्ली खरी केली आहे. रक्ताच्या थेंबात, थुंकीत, केसाच्या मुळाशी जो डीएनए असतो, त्यातील काही ठरावीक जागांचे आकडे टिपून ठेवायचे आणि गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या खुणेशी ते ताडून पाहायचे, एवढाच या नव्या वहीचा व्यवहार. इंग्लंडने अशी राष्ट्रीय वही १९९५ साली उघडली. त्याआधी, १९८६ साली, तिथल्या एका खुनाच्या तपासात जेफ्रीज या शास्त्रज्ञाने ही विद्या वापरली. तेव्हा तिने प्रथम काय केले असेल? खोटा कबुलीजबाब देऊन बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराला सोडविले! खरा खुनी पुढच्या वर्षी सापडला.

आम्हां वसईकरांना या विद्येची ओळख झाली ती मात्र दुःखाच्या वाटेने. वसईच्या एका मुलीचा दिल्लीत खून झाल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड झाले. मेहरौलीच्या जंगलात हाडे सापडली. पण ती कोणाची? वडिलांनी आपले रक्त दिले, तेव्हा त्या हाडांना नाव मिळाले.

असा थेंब द्यायला कोणता बाप नाही म्हणेल? मीही म्हणणार नाही. तरीही मन अडते. कॅलिफोर्नियात २०१८ साली एक जुना खुनी पकडला गेला. त्याने स्वतःचा थेंब कुणालाच दिला नव्हता. वंशावळीच्या हौसेने दिला होता तो त्याच्या दूरच्या भाऊबंदांनी! म्हणजे उद्या मी एकट्याने होकार दिला, तरी माझ्यामागून निम्मे गास, कुणी न विचारता, त्या वहीत जाऊन बसणार. आपल्याकडे २०२२ च्या कायद्याने अटकेतील माणसांचे नमुने घेता येतात आणि नोंदी पंचाहत्तर वर्षे ठेवता येतात. डीएनए-पेढीसाठी आणलेले स्वतंत्र विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेतले गेले.

दाखला घेऊन मी उठलो. कारकुनांनी वही कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि ते दोनदा ओढून पाहिले.

माझा थेंब कुणी मागितला, तर मी देईन. पण त्याआधी विचारीन, ‘‘कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि तो कुलूप ओढून पाहतो का?’’