पावसाच्या उलट, पाण्यासोबत

पावसाळ्यात गाडी काढायची म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाचं तोंड आपसूक घाटाकडे वळतं. ताम्हिणी, वरंध, आंबोली. समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात आणि रिते होतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वरोऱ्याच्या माणसाला हा पाऊस भूगोलाच्या पुस्तकातला. अरबी समुद्राकडून निघालेल्या ढगांत आमच्यापर्यंत येईस्तोवर फारसा जीव उरत नाही. आमचा भरवशाचा पाऊस बंगालच्या उपसागरातला. तिथे कमी दाबाचा पट्टा तयार झाला, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढला, छत्तीसगड ओलांडून पश्चिमेला सरकला की आधी गडचिरोली, मग चंद्रपूर, मग आम्ही. आणि पडलेलं पाणी वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं करत पुन्हा त्याच समुद्राला जाऊन मिळतं. म्हणजे वरोऱ्याहून पूर्वेला निघालं की पाऊस समोरून अंगावर येतो आणि पाणी सोबत चालतं. जुलै सरता सरता आम्ही भामरागडला निघालो ते असे.

वरोऱ्याच्या बाहेर पडलो तेव्हा नुसती भुरभुर होती. काळ्या जमिनीत कपाशी वीतभर वर आलेली, मध्ये सोयाबीनचे हिरवे पट्टे. गावाला लागूनच आनंदवन. वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले बाबा आमटे कुष्ठरुग्णांना घेऊन १९५१ मध्ये इथल्या दगडधोंड्यांच्या माळावर राहायला आले. आज तिथली झाडी पाहून तो माळ कुठे होता हे नव्या माणसाला दाखवता येत नाही. पुढे १९७३ च्या डिसेंबरात याच घरातले प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकशाला गेले. आम्ही निघालो होतो ती वाट त्यांचीच म्हणायची, फक्त आता तिच्यावर डांबर आहे.

भद्रावती ते चंद्रपूर हा तुकडा पावसात मला कधीच आवडला नाही. खाणींच्या ट्रकांनी रस्त्यावर कोळशाचा काळा राडा केलेला असतो, समोरचा ट्रक काचेवर तोच उडवतो आणि वायपर तो नीट सारवून देतो. दोन्ही बाजूंना खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. खरे डोंगर नसलेल्या मुलखात हे एवढे उंच झालेत, की त्यांच्यावर बाभळी आणि गवत उगवून पावसाळ्यात ते हिरवेही दिसतात. ज्या चंद्रपूरची मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांत गणना होते, तेच शहर जुलैत इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या धाकात असतं. गंमत अशी, की इरईला आलेला पूर पुष्कळदा इरईचा नसतोच. खाली वर्धा दुथडी भरलेली असते, ती इरईला आत घेत नाही, आणि दारातून परतवलेल्या पाहुण्यासारखी इरई माघारी येऊन रहमतनगरच्या घरांत शिरते. इथल्या माणसांच्या तोंडी याला एकच शब्द आहे, दाब. ‘वर्धेचा दाब हाय’ म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

गोंडपिपरीवरून आष्टी जवळ पडतं, पण आष्टीच्या पुलावरून वैनगंगेचं पाणी चाललं होतं. म्हणून मूलचा रस्ता धरला. वळसा पडला, तरी मला तो हवाच होता. चिचपल्ली, केळझरचं जंगल ओलांडलं की एक महाराष्ट्र संपून दुसरा सुरू होतो. कपाशी नाहीशी होते. बांध्या सुरू होतात, बांध्यांत धान, आणि गावागावाला तलाव किंवा निदान एखादी बोडी. मालगुजारांनी बांधलेले हे तलाव सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ झाले आणि त्याचं आखूड होऊन ‘मामा तलाव’. हीच झाडीपट्टी. वरोऱ्यात पाणी शेतातून बाहेर काढायची घाई असते. इथे तेच पाणी बांध घालून धरून ठेवतात. शंभर किलोमीटरच्या आत पावसाकडे बघण्याची तऱ्हा अशी उलटी होते, आणि जिल्हा मात्र एकच.

जंगल संपता संपता एक बाई रस्त्याच्या कडेला वास्ते घेऊन बसली होती. बांबूचे कोवळे कोंब, वरची पानं सोललेली, पांढरट पिवळे. शेजारी पानावर तरोट्याच्या भाजीचे वाटे. डोक्यावरून घेतलेल्या प्लास्टिकच्या खोळीवरून पाणी निथळत होतं आणि तिने मांडीवर पाटी ठेवून विळ्याने वास्त्यांच्या चकत्या पाडणं थांबवलं नाही. चकती इतकी पातळ, की विळ्याला चिकटून राहायची आणि ती बोटाने सरकवायची. कडूपणा जाईस्तोवर उकळा, पाणी फेका, मगच फोडणी द्या, असं तिने न विचारता सांगितलं. वनखात्याला हा व्यवहार आवडत नाही, कारण कोंब खाल्ला की बांबू गेला. खातं आपल्या जागी बरोबर आहे. पण ज्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला, तिथल्या बाईच्या पाटीभर कोंबांचा हिशेब आधी लागावा, हे मला पटत नाही.

मूलच्या पुढे सावलीपर्यंत रोवणी जोरात होती. बायांची रांग कमरेत वाकलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात खुपसत सगळ्या उलट्या पावलांनी मागे येत होत्या. पाऊस वाढला तरी रांग मोडली नाही. रोवणी गुत्त्याने घेतलेली असते. थांबलं तर आपलंच नुकसान.

व्याहाडच्या पुढे वैनगंगेवर मात्र सगळे थांबतात. पुलाच्या अलीकडे मोटारसायकली लावून माणसं पाणी बघत उभी होती, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: ‘गोसीचे किती गेट?’ वर भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यांतले किती आणि किती उघडले, यावर खाली रस्ता राहणार की जाणार हे ठरतं. आम्हाला पूल मिळाला. पलीकडे गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. म्हणजे त्याचा वाढदिवसही भर पावसातच येतो.

चामोर्शी, आष्टी मागे पडली. आष्टीच्या खाली चपराळ्याकडे वर्धा आणि वैनगंगा एक होतात आणि पुढे तिला प्राणहिता म्हणतात. सातपुड्यातून निघालेल्या दोघी एवढं फिरून इथे भेटतात. ती प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते, आणि तिथेही पुन्हा दाबच. जुलै २०२२ मध्ये गोदावरी फुगली तेव्हा सिरोंचा तालुक्यातली गावंच्या गावं उठवावी लागली. समोरच्या मेडीगड्डा बॅरेजचं पाणी आपल्या शेतात शिरतं, ही तिथल्या शेतकऱ्यांची ओरड अजून आहे.

आलापल्लीनंतर सागवान सुरू झालं. सागाचं पान पावसाचा आवाज मोठा करतं. गाडीच्या टपावर पडतो तो पाऊस वेगळा आणि झाडांवर पडतो तो वेगळा, दोन्ही एकदम ऐकू येतात. पेरमिलीच्या पुढे एका नाल्यावर गाड्यांची रांग लागली होती. पाणी गढूळ, पण खळखळाट नाही. चक्क उभं होतं. एक फांदी बराच वेळ पाहिली, ती वरच्या अंगाला सरकत होती.

एसटीचे चालक उतरून बिडी ओढत होते. म्हणाले, “हे ह्या नाल्याचं पानी नाही. इंद्रावती भरली का भामरागडची पर्लकोटा घेत नाही, अन् मंग सगळे नाले असेच तटतात. तिकडं बस्तरात उघडीप पडली का उतरते.”

“किती वेळ?”

“बस्तरले विचारा.”

त्यांच्या नोकरीतले किती पावसाळे या नाल्यांवर गेले असतील. कुठे चहा मिळतो, कोणत्या दगडाला पाणी लागलं की परत फिरायचं, हे त्यांना पाठ होतं. हेमलकशाच्या सुरुवातीच्या वर्षांत पावसाळा लागला की तिकडची वाट महिनोन्महिने बंदच असे; आता दिवस मोजावे लागतात. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल मात्र पावसाळ्यात पुन:पुन्हा बुडतो आणि भामरागड तुटतं.

आम्ही गाडी आलापल्लीकडे वळवायला घेतली. चालकांनी विचारलं, “कुठचे तुम्ही?”

“वरोऱ्याचे.”

“तिकडं पडला का?”

“सकाळी भुरभुर होती.”

“मंग उद्या-परवा येते तुमच्याकडं. आमच्याकडं तीन दिवसांपासून हाय.” बिडी विझवत ते म्हणाले, “कपाशीले युरिया टाकायचा असन तं थांबा म्हनाव घरी.”

तिथे रेंज नव्हती. आलापल्लीला पोचल्यावर भावाला पहिला फोन तोच केला. त्याने पोती कालच आणून ठेवली होती.