वाकळीचा कोपरा

लेकरू अंगठा चोखतंय, एवढंच लिहून पुढं गेलेली कथा वाचली की मला हळहळ वाटते. त्या लेकराचं सगळं मन कथाकाराच्या हाती आलेलं असतं आणि तो ते नुसतं गोड म्हणून सोडून देतो. अंगठा कोणत्या हाताचा? दुसरा हात त्या वेळी काय करतो? तो सहसा रिकामा नसतोच. मायच्या कानाची पाळी चाचपत असतो, तिच्या पोतीतले मणी सरकवत असतो, नाहीतर लुगड्याचा काठ दोन बोटांत चोळत असतो.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९५१ साली लहान मुलांच्या लाडक्या चिंधीवर, बाहुलीवर एक निबंध मांडला. आई नजरेआड असतानाचा वेळ मूल अशा वस्तूच्या आधारानं निभावतं, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण परभणीकडचं लेकरू वेगळ्या खोलीत झोपत नाही, मायच्या कुशीत झोपतं. त्याच्या उशाशी टेडी ठेवला की कथा तिथंच खोटी पडते. इथं ती वस्तू मायच्याच अंगावरून आलेली असते. लुगडं विरलं की त्याची झोळी होते, झोळी फाटली की तो तुकडा वाकळीत जातो.

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडची किती तरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. माझ्या एका कथेत अशाच कुटुंबातली सहा वर्षांची मुलगी फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मागं राहिली आहे. मायबाप अंधारातच फडात गेलेत. वाकळीच्या एका कोपऱ्याला हिरवं ठिगळ आहे आणि त्याचा धावदोरा उसवलाय. त्या फटीत ती करंगळी घालते, आतलं विरलेलं कापड नखानं खाजवते आणि कोपरा वरच्या ओठावरून फिरवत राहते. धाकटा भाऊ रडायला लागला की तोच कोपरा त्याच्या गालाला लावते. तो ढकलून देतो. त्याला झोका हवा असतो. मग ती एका पायानं झोळी हलवते आणि कोपरा पुन्हा आपल्या ओठाशी नेते.

या परिच्छेदात भीती हा शब्द मी येऊ दिलेला नाही. हात बोलत असताना त्यावर भावनेचं नाव लिहिलं की हात मुका होतो. सवय सुटते कधी, यावर मात्र माझं बारीक लक्ष असतं. मायबापाच्या टायरगाडीचा आवाज आला की मुलगी कोपरा टाकून बाहेर पळते. एके दिवशी गाडी येते आणि कोपरा हातातून सुटत नाही. कथा त्या दिवसाची आहे.

मोठ्या मुलांची सवय लपून असते. मायबाप ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहणारा दहा वर्षांचा मुलगा अंगठा चोखणार नाही. तो शर्टाची कॉलर चघळेल आणि कुणी पाहिलं की ओली कॉलर आत दुमडेल. ते दुमडणं लिहायचं. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढतो आणि सांगताना सारखे आकडे पेरतो. 'वनवास' (१९९४) वाचताना मला वाटतं, हे आकडेच त्याला धीर देतात. सवय अशी थेट निवेदनात मुरवता येते, हे मी तिथं शिकलो.

आणि मोठी माणसं? कुणी अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावतं, कुणी चिंधी बांधतं, कुणी चारचौघांत हसतं. त्यावरून घर कळतं. सगळ्यात अवघड आहे ती मायाळू आजी. आपल्याकडे घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत आहे. म्हणजे वाकळीतला मायचा वास जातो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ऊसतोडीला जाणारी गाडी निघते. म्हणून कथेची सुरुवात मी आता फडातून उचलून गावातल्या त्या धुण्याच्या दिवशी नेली आहे. आजी वाकळ ओढते, नात सोडत नाही, आणि आजीला वाटतं, पोरगी हट्टी झाली.