एनके म्हणजे नाशिक रोड

आमचे अण्णा रेल्वेत होते. नाशिक रोडच्या तिकीट खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. घरातही ते कोडमध्येच बोलायचे. मनमाडच्या आत्याचा फोन आला की "एमएमआरहून फोन होता" आणि इगतपुरीला बदली झालेला मित्र म्हणजे "आपला आयजीपीवाला". शाळेत असताना मी एकदा शहाणपणा करून म्हटलं होतं, की नाशिक रोडचा कोड एनएसके असायला हवा. अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, "असायला हवा वेगळं आणि आहे वेगळं. एनके. अंदाज करायचा नाही, पुस्तक उघडायचं."

गेल्या पावसाळ्यात मी नेमका अंदाज केला.

अंबडच्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटनंतर वरून हुकूम आला, की ड्रॉइंग्ज बाहेर जाता कामा नयेत. शॉप फ्लोअर आणि क्वालिटीच्या कॉम्प्युटरवरून कोणी खाजगी क्लाउड स्टोरेज वापरतं का ते बघा आणि मग बंद करा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, साइटचा पत्ता टाका आणि बंद करा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही तेच करायचो. पण आता एक साधं यूट्यूब घ्या. पान येतं एका डोमेनवरून, व्हिडिओ येतो गूगलव्हिडिओ नावाच्या दुसऱ्याच डोमेनवरून आणि छोटी चित्रं तिसऱ्याच ठिकाणाहून. सगळा मजकूर कुलूपबंद. ब्राउझर बोलणं सुरू करताना सहसा एवढंच उघड सांगतो, की मला अमुक सर्व्हरशी बोलायचंय. पाकीट बंद, वरचा पत्ता तेवढा वाचता येतो. म्हणून हे वेब गेटवे बनवणारे लोक एकेका सेवेचे असे सगळे धागे एकत्र बांधतात आणि त्या जुडीला एक ओळख देतात. स्क्रीनवर माणसांसाठी नेहमीचं नाव दिसतं. नियमांच्या फाइलमध्ये मात्र दुसरंच काहीतरी लिहावं लागतं, सगळी कॅपिटल अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोर. माझ्याकडे नियम ढीगभर, त्यामुळे मी स्क्रीनवर टिचक्या मारत न बसता फाइलच लिहितो.

आणि ही आतली नावं बाहेरच्या नावांच्या मागे धावत नाहीत. २०२३च्या जुलैमध्ये ट्विटरचं एक्स झालं, म्हणून लोकांच्या फाइलींमधले जुने नियम काही आपोआप बदलत नाहीत. आतलं नाव बदललं तर ते सगळे मोडतील, म्हणून ते बहुधा जुनंच ठेवतात. रेल्वेत हा प्रकार फार जुना आहे. वसई रोडचा कोड बीएसआर, कारण तेव्हा ते बेसिन रोड होतं. वडोदरा अजून बीआरसी आणि चेन्नई सेंट्रल अजून एमएएस, म्हणजे मद्रास. आणि कधीकधी कोडही बदलतो. सीएसएमटीचंच बघा ना! थोडक्यात काय, नियमसुद्धा धरून चालता येत नाही. दर वेळी बघावंच लागतं.

मी बघितलं नाही. शुक्रवार होता, संध्याकाळ होती, द्वारकाचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर होता. सात-आठ ओळखी यादीतून उचलल्या आणि शेवटची अंदाजाने लिहिली. चुकीची असती तर सिस्टीमने एरर दिली असती. पण तशी ओळख खरोखरच होती, फक्त दुसऱ्याच वस्तूची. मला हवं होतं एका कंपनीचं लोकांच्या फाइली ठेवायचं खाजगी कपाट. मी लिहिलं ते त्याच कंपनीचं गोदाम, जे ती बाकीच्या जगाला भाड्याने देते आणि जिथे हजारो साइट्स आपापली चित्रं नि पीडीएफ ठेवतात.

पहिला महिना फक्त नोंद घ्यायची, अडवायचं नाही, असं ठरलं होतं. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही आणि माझी चूक कोणाला कळली नाही. महिन्याअखेर रिपोर्ट आपोआप एचआरला गेला. त्यात क्वालिटीच्या एका पोराच्या नावापुढे आकडा होता ६३. रकान्याचं नाव 'खाजगी क्लाउड स्टोरेज'. पोरगा कंत्राटावर, नूतनीकरण पुढच्या आठवड्यात.

एचआरच्या मॅडमनी मला बोलावून विचारलं, "हे बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "सिस्टीम दाखवतेय म्हणजे असेल."

हे वाक्य मी बोललो, हे इथे लिहून ठेवतो. बाजूच्या खुर्चीत तो पोरगा बसला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "सर, मला तर ते काय असतं तेही माहीत नाही."

घरी जाऊन जेवण गेलं नाही. जेल रोडच्या आमच्या गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसलो आणि गेटवेकडून ओळखींची पूर्ण यादी मागवली, वर्गवारीसकट. ती पानापानाने येते. चौथ्या-पाचव्या पानावर दोन्ही नावं खाली-वर सापडली, दोन शब्दांचा फरक. मग त्याच्या ६३ नोंदी उघडल्या. सगळ्या एकाच पत्त्यावर, आणि पत्त्याच्या सुरुवातीलाच आमच्या गेज पुरवणाऱ्याचं नाव. गेलेला डेटा दर वेळी काही केबी, आलेला काही एमबी. ड्रॉइंग बाहेर पाठवणाऱ्याचे आकडे बरोबर उलटे असते. तरी खात्री हवी म्हणून सकाळी ऑफिसात तोच कॅटलॉग मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. दहा मिनिटांनी यादीत माझं नाव होतं, त्याच रकान्यात.

तसाच मॅडमकडे गेलो. माझ्या नावाची ओळ दाखवली आणि चूक माझी आहे हे लेखी दिलं. त्या भल्या बाई. "मग तुमचंही नूतनीकरण थांबवू का?" एवढं म्हणून हसल्या. पोराचं कंत्राट वाढलं.

आता नियम लिहिण्याआधी यादी ताजी मागवतो आणि प्रत्येक ओळख वापरण्याआधी ती सेवा स्वतः एकदा उघडून नोंद कुठे पडते ते बघतो. तरी सगळं सुटत नाही. गूगल ड्राइव्ह कंपनीच्या खात्याचं आणि घरच्या खात्याचं एकाच पत्त्यावर चालतं, ओळखही एकच. तिथे कुलूप उघडून आत हेडर घालावा लागतो, की फक्त आमच्याच डोमेनची खाती चालू द्या. तो वेगळाच उपद्व्याप आहे. असो.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी गेटवे-बिटवे काही विचारलं नाही. "त्या मुलाशी बोललास का?" म्हणाले.

बोललो. कॅन्टीनमध्ये चहा पाजला, माफी मागितली. तो "जाऊ द्या ना सर" म्हणाला. पण अजूनही गेजचा कॅटलॉग उघडायचा असला की आधी माझ्या टेबलापाशी येतो आणि विचारतो, "सर, हे उघडू ना?"