विजेचे मोल

विहिरीचे पाणी हंड्याने मोजता येते. खळ्यावरचे भात पायलीने मोजता येते. ज्याचे माप डोळ्यांसमोर होते, ते उधळताना माणसाचा हात आपोआप आखडतो. विजेचे तसे नाही. ती दिसत नाही, तिचे वजन हाताला जाणवत नाही. बटण दाबावे आणि दिवा लागावा, एवढीच तिची ओळख. म्हणूनच रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

परंतु या अदृश्य शक्तीचे माप अगदी सोपे आहे. प्रत्येक उपकरणावर त्याची शक्ती वॅटमध्ये लिहिलेली असते. त्या आकड्याला वापराच्या तासांनी गुणावे आणि १००० ने भागावे, म्हणजे युनिटे मिळतात. ७५ वॅटचा पंखा १० तास फिरला, तर ७५० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिट खर्ची पडते. ६० वॅटचा जुना बल्ब ५ तासांत ३०० वॅट-तास घेतो. जवळजवळ तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात ४५ वॅट-तासांवर भागवतो. २००० वॅटचा गीझर मात्र अर्ध्या तासातच एक युनिट संपवतो.

तारेतून वाहणारा प्रवाहही असाच काढता येतो. घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. १००० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह लागतो. तिच्याच जोडीला १००० वॅटची शेगडी त्याच प्लगवर लावली, तर प्रवाह ८.७ अँपिअर होतो. लहान प्लग केवळ ६ अँपिअरचा! मग तारा तापतात आणि आगीचे भय निर्माण होते. येथे गणित पैसेच नव्हे, तर घरही वाचवते.

पण एक युनिट म्हणजे नेमके किती काम? त्याची कल्पना यावी म्हणून ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगड डोळ्यांसमोर आणावा. सह्याद्रीला बिलगून उभा असलेला हा गड चढताना भल्याभल्यांना धाप लागते. चढणीची उंची ९०० मीटर धरली, तर ४० किलो वजनाच्या मुलाला स्वतःचे शरीर माथ्यावर नेण्यासाठी सुमारे ९८ वॅट-तासांचे काम करावे लागते. असा गड दहा वेळा चढावा, तेव्हा कुठे एका युनिटाएवढे काम होते!

या गडाचे आणि विजेचे नाते केवळ गणितापुरते नाही. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली सोडून खोपोली येथे १९१५ पासून आणि भिवपुरी येथे १९२२ पासून वीज निर्माण होऊ लागली. उंच मनोऱ्यांवरील तारांतून ती मुंबईला जाई. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडले. त्या काळी या परिसरातील खेड्यांत तेलाच्या दिव्यांचाच उजेड होता. तरीही परकीय सत्तेचे बळ कोणत्या तारेतून वाहते, हे त्या तरुणांनी अचूक ओळखले होते. पुढे त्यांनी सिद्धगडाच्या रानाचा आसरा घेतला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना वेढले. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

आज त्या तारा स्वतंत्र देशाच्या आहेत. मनोरा पाडण्याचे दिवस सरले. वीज जपण्याचे दिवस आले आहेत. त्यासाठी रानावनात राहावे लागत नाही की प्राणांची बाजी लावावी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडी जागरूकता पुरते. रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा पंखा एक तास वीस मिनिटे फिरला, की सिद्धगडाची एक अख्खी चढण वाया जाते. ज्याने हा हिशेब एकदा मांडला, त्याचा हात खोलीबाहेर पडताना बटणाकडे गेल्यावाचून राहत नाही.