‘कोणी एक’ आणि अकानमधील ‘बी’

अकान ही घानातील आणि आयव्हरी कोस्टच्या पूर्वभागातील भाषा. तिच्यात निर्धारक नामानंतर येतो. ‘न्होमा’ म्हणजे पुस्तक, ‘न्होमा नो’ म्हणजे आधी उल्लेखिलेले ते पुस्तक. आणि ‘न्होमा बी’? येथे भाषांतरकाराची लेखणी थबकावयास हवी. ‘एक पुस्तक’ असे लिहून पुढे जाणे सोपे, परंतु अन्यायाचे आहे.

कोफीने पुस्तक विकत घेतले, एवढेच सांगावयाचे तर अकानला ‘बी’ लागत नाही. मराठीप्रमाणेच नुसते नाम पुरते. भेद उघड होतो तो नकारात. ‘कोफी आन्तो न्होमा’ याचा अर्थ, कोफीने पुस्तक घेतलेच नाही. ‘कोफी आन्तो न्होमा बी’ म्हटले की एक पुस्तक असे आहे, जे त्याने घेतले नाही. इतर घेतली असतील. ते पुस्तक नकाराच्या कक्षेबाहेर उभे राहते.

अशा शब्दाला ‘अनिश्चयवाचक’ म्हणणे कितपत उचित? श्रोत्याच्या बाजूने ते खरे. वक्त्याच्या बाजूने मात्र आपल्या शास्त्रपरंपरेतील ‘विवक्षित’ हीच संज्ञा अधिक जवळची वाटते. अर्थात विवक्षा म्हणजे ओळख नव्हे. ‘ओबी’ (कोणीतरी) आला, असे सांगणाऱ्यालाही तो कोण हे ठाऊक असेलच असे नाही.

हे विवेचन जुळून आले असे वाटते न वाटते तोच एक प्रसिद्ध अकान म्हण आडवी येते: लेकराला देव कोणी दाखवीत नाही. मुळात ‘कोणी’च्या जागी हाच ‘ओबी’ आहे. पण तो नकाराबाहेर राहत नाही, नकारात विरघळतो. १८७५मध्ये या भाषेचे व्याकरण आणि १८७९मध्ये तिच्या ३,६०० म्हणींचा संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या क्रिस्टालर या जर्मन मिशनऱ्यापुढे व्याकरण आणि म्हणी ही दोन्ही दालने एकाच वेळी उघडी होती. अलीकडच्या अर्थविचारात ती फार वेगळी पडतात. ‘ओबी’ हा आता अखंड शब्द झाला, त्यातील ‘बी’ची धार गेली, हे उत्तर सोयीचे आहे, पुरेसे नाही. कारण मराठीतही ‘कोणी आले नाही’ म्हटले की सभागृह रिकामे होते, आणि ‘कोणी एक आला नाही’ म्हटले की भरल्या सभागृहात एकच खुर्ची रिकामी दिसते. मराठीला त्यासाठी ‘एक’ जोडावा लागतो. अकानमध्ये दोन्हींकडे ‘बी’च आहे.